सहावं बिल

बँकेचं म्हणणं साधं होतं. घरातली निदान सहा बिलं दर महिन्याला तुमच्या खात्यातून आपोआप कापली जाऊ द्या, त्यातले काही टक्के आम्ही तुम्हाला परत देतो. विजेच्या बिलावर तीन, फोनवर दोन, पाण्यावर एक. बिलं पाचच असतील तर मात्र काही नाही. आणि टक्क्यांच्या घरात बिलं पाचच होती.

टक्के हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण मेहुण्यानं एकदा जेवताना ते ठेवलं आणि तेव्हापासून खरं नाव फक्त बँकेच्या कागदांवर उरलं. माणूस वाईट नव्हता. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे त्यांचं काम. केसभर इकडेतिकडे झालं तर गिऱ्हाइकाला जिना दोन पायऱ्या पुढे दिसतो, त्यामुळे केसभर फरकही सोडून द्यायचा नाही ही सवय हाडात मुरलेली. ती घरी येतानाही त्यांच्याबरोबर येई.

सहाव्या बिलासाठी त्यांनी घर उलटंपालटं केलं.

"माझ्या दातांचं बिल चालेल का?" बायकोनं विचारलं.

"ते दर महिन्याला येतं का?"

"तुमच्यावर दात खाऊन खाऊन येईल आता."

बायको ड्रायव्हिंग शिकवायची. दिवसभर अनोळखी माणसांच्या हातात स्वतःचा जीव देऊन ती घरी येई, त्यामुळे नवऱ्याच्या हिशेबांची तिला भीती वाटत नसे.

मग टक्क्यांना आत्या आठवली.

आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर एकटी राहायची. उभं आयुष्य ट्राममध्ये तिकीट तपासनीस म्हणून काढलेलं. फुकट्या माणूस ती त्याच्या मानेवरून ओळखायची म्हणे. वयाबरोबर पाठ वाकली, नजर मात्र तशीच राहिली. दर महिन्याला टक्के तिच्याकडे जात, ती विजेचं बिल आणि नेमके मोजलेले पैसे त्यांच्या हातात ठेवी, ते घरी येताना खिडकीवर भरून टाकत. त्या निमित्तानं चहा व्हायचा, गुडघे कसे आहेत ते कळायचं, आणि टक्के किती जाड झालेत हेही.

"आत्या, तुझं विजेचं बिल यापुढे माझ्या खात्यातून जाणार," त्यांनी एकदा चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगितलं. "तू पैसे द्यायचे नाहीत."

"का बरं?"

आता इथे खरं सांगता आलं असतं. पण सांगणाऱ्याला वाटलं, तीन टक्क्यांसाठी आलोय असं म्हणण्यापेक्षा प्रेमापोटी आलोय असं म्हटलेलं दिसायला बरं.

"एवढी सेवा करू दे की मला. लहानपणी कडेवर घेऊन फिरवलंस."

आत्यानं आपला कप बाजूला सारला. "नको रे चिमण्या," ती म्हणाली. चिमण्यांनी ऐकलं नाही. सही झाली, सहा बिलं पुरी झाली, कॅशबॅक सुरू झाला. सगळं आपोआप होऊ लागल्यावर बिल आणायला जायचं कारण उरलं नाही. टक्के दोनचारदा नुसतेच जाणार होते. मग दुकानात कामं फार आली. मग थंडी पडली.

त्या महिन्यात कॅशबॅक कमी आला.

कमी म्हणजे एका चहाच्या पैशाइतका. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. टक्क्यांना मात्र सकाळी मोबाइल उघडल्या उघडल्या तेच आधी दिसलं. बँकेनं गुपचूप टक्का कमी केला असणार, दुसरं काय! दुपारच्या चहाच्या सुट्टीत काचा पुसायच्या फडक्याला हात पुसत त्यांनी बँकेला फोन लावला. बऱ्याच संगीतानंतर एक मुलगी आली.

"मी आपली काय मदत करू शकते, सर?"

"मदत नको, माझे पैसे द्या. वीज म्हणजे तीन टक्के ठरलेत. तुम्ही किती दिलेत?"

"सर, तीनच दिलेत."

"मग कमी कसे आले?"

"बिल कमी आलंय, सर. आपल्या खात्यावर विजेची दोन बिलं आहेत. पहिलं नेहमीइतकंच आहे. दुसऱ्यावर या महिन्यात वापर शून्य आहे. फक्त मीटरचा स्थिर आकार लागलाय."

"शून्य कसा? घरात माणूस राहतं."

"माहीत नाही, सर. घर बंद असेल तर असं होतं." मुलीनं पुढचं वाक्य घेतलं. "आपण समाधानी असाल तर कॉल संपल्यावर पाच दाबा."

टक्क्यांनी काहीच दाबलं नाही. समोर कुणाचातरी अर्धा घासलेला चष्मा पडला होता. वापर शून्य. म्हणजे महिनाभर त्या घरात दिवा लागला नाही, फ्रिज चालला नाही, रेडिओ वाजला नाही. आत्या गावाला जाणारी बाई नव्हती, तिचं जायचं असं गावच उरलं नव्हतं. आणि बिल वेळच्या वेळी भरलं गेल्यामुळे वीज तोडायला कुणी आलं नाही, दार कुणी वाजवलं नाही. सगळं सुरळीत आहे असं अख्ख्या जगाला टक्क्यांनी आपल्या खात्यातून दर महिन्याला कळवलं होतं.

त्यांनी आत्याला फोन केला. बंद. पुन्हा केला. बंद. मागेही एकदोनदा तो बंद लागला होता आणि तेव्हा टक्क्यांनी स्वतःशीच म्हटलं होतं, म्हातारी चार्जिंग विसरली असेल. ते आता आठवलं.

"आत्याकडे जायचंय. आत्ताच्या आत्ता," त्यांनी बायकोला फोनवर सांगितलं.

"माझी शिकवणी चालू आहे. काय झालं?"

"तिचं बिल शून्य आलंय."

ही बातमी ऐकून कुणी आनंदानं ओरडलं असतं. बायकोनं गाडीचा ब्रेक दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "दुकानाबाहेर उभे राहा."

शिकणाऱ्याला तिनं वाटेतच उतरवून टाकलं असावं, कारण गाडी आली तेव्हा ती एकटी होती. डोक्यावर 'शिकाऊ चालक' असा फलक असलेली, दोन्हीकडे ब्रेक असलेली गाडी. बायको चालवायला बसली म्हणून टक्के मास्तरांच्या जागेवर बसले आणि प्रत्येक वळणावर भीतीनं त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जाऊ लागला. गाडी भर रस्त्यात नाक आपटून थांबे, मागचे भोंगे वाजवत.

"पाय वर घ्या आधी!"

"मुद्दाम नाही करत."

"तुम्ही घाबरलाय, गाडीला कशाला घाबरवताय? मांडी घालून बसा."

टक्के मांडी घालून बसले. जवळून जाणारे सायकलवाले वाकून पाहत होते. "ती गेली असेल तर," ते म्हणाले, "महिना झाला असेल." बायकोनं गाडी नियमाबाहेर पळवली. फलक पाहून लोक मात्र आपणहून बाजूला होत होते.

इमारतीखाली उतरून दोघांनी वर पाहिलं. संध्याकाळ होत आलेली, बाकी सगळ्या मजल्यांवर खिडक्या पिवळ्या झालेल्या. सर्वांत वरची काळी.

जिन्यात, आत्याच्या खालच्या मजल्यावर, व्हायोलिनच्या शिकवण्या घेणाऱ्या बाईंनी दार किलकिलं केलं.

"वरच्यांचे कोण तुम्ही?"

"भाचा."

"बरं झालं आलात. त्यांना सांगा, मी मुलांना लवकर सोडलं. आणखी काय करायचं?"

"कशाला सोडलंत?"

"ठोकत होत्या ना! काल सकाळी जमिनीवर ठोकायला लागल्या. मुलं सूर बेसूर लावतात हे मलाही कळतं हो, पण पोट आहे. मी म्हटलं वाद नको, शिकवणी थांबवली. तरी ठोकणं चालूच. मी पण मग झाडूच्या दांड्यानं वर दोनदा ठोकून सांगितलं, की थांबवलंय बाई, आता तरी पुरे."

"मग?"

"मग त्यांनी जोरजोरात ठोकलं. मी रागानं बाहेर निघून गेले. रात्री आले तेव्हा थांबलं होतं." बाईंनी दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "मला वाटलं, राग गेला."

टक्क्यांनी कठडा धरला. काल सकाळी ती जिवंत होती. महिन्याच्या भीतीतून सुटून त्यांनी जेमतेम एक श्वास घेतला, तेवढ्यात दुसरी भीती येऊन बसली. आता ठोकणं थांबलं होतं.

दार आतून बंद होतं. बायकोनं हाका मारल्या, टक्क्यांनी बेल दाबली. बेल वाजलीच नाही. व्हायोलिनवाल्या बाईंना कोपऱ्यावरचा किल्लीवाला ठाऊक होता, त्या चपला न घालताच त्याला बोलवायला धावल्या. किल्लीवाला आला तो पेटी खांद्यावर घेऊन, जिना चढल्याची तक्रार करत.

"घर तुमचं कशावरून, साहेब?"

"घर माझं नाही. आत्याचं आहे."

"मग त्यांना विचारा."

"त्यांनाच विचारायला दार उघडायचंय!" बायको ओरडली. "इथलं विजेचं बिल हे भरतात. मोबाइलवर दाखवा हो त्याला."

टक्क्यांनी मोबाइल पुढे केला. किल्लीवाल्यानं पत्ता वाचला, दारावरची पाटी वाचली, मग वापराचा आकडा वाचला. त्याचा बोलका चेहरा एकदम बंद झाला. त्यानं लगेच कुलपात ड्रिल घातलं.

आत गारठा होता. टक्क्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं, काही लागलं नाही. मोबाइलचा टॉर्च लावला. स्वयंपाकघरात फ्रिजचं दार सताड उघडं, आत काही नाही, पुसून कोरडा केलेला. पलंगावर चादर ताणून बसवलेली. खुर्चीवर घडी घातलेला कोट. कुठे काही विस्कटलेलं नव्हतं, आणि टक्क्यांना त्याचंच सर्वांत भय वाटलं. घर असं लावून माणसं कुठे जातात?

"आत्या?"

न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. टक्क्यांनी ते ढकललं. चार बोटं उघडलं आणि कशालातरी लागून थांबलं. लाकडाला लागलं असतं तर आवाज आला असता. आवाज आला नाही.

"ढकलू नका!" बायकोनं त्यांचा हात धरला.

"मागे काय आहे?" त्यांनी विचारलं. काय आहे ते तिघांनाही कळलं होतं.

"बाजूला व्हा, साहेब," किल्लीवाला म्हणाला. त्यानं बिजागऱ्यांमधल्या खिळ्या एकेक करून खालून वर ठोकून काढल्या आणि दार चौकटीतून अलगद उचलून भिंतीला टेकवलं, जणू आत कुणी झोपलंय.

आत्या फरशीवर पडलेली होती. एक पाय चुकीच्या बाजूला वळलेला. अंगावर पायपुसणं ओढून घेतलेलं. हाताशी एक चप्पल, तिची टाच झिजून गेलेली. डोळे मिटलेले.

टक्क्यांना खाली वाकताच येईना. बायको बसली, तिनं आत्याच्या मानेवर दोन बोटं ठेवली, ती जागा सोडून दुसऱ्या जागी ठेवली, पुन्हा पहिल्या जागी आणली. टक्के तिच्या पाठीकडे पाहत होते. त्या पाठीवरून काहीच कळत नव्हतं.

"आहे," ती म्हणाली. "हळू आहे, पण आहे. ॲम्ब्युलन्स बोलवा."

व्हायोलिनवाल्या बाईंनी दारातूनच फोन लावला होता. त्या रडत रडत पत्ता सांगत होत्या आणि मजला दर खेपेला वेगळा सांगत होत्या.

"अंग बर्फ झालंय. पांघरूण आणा, आणि मेन स्विच बघा कुणीतरी. हीटर लावू."

किल्लीवाल्याला स्विच सापडला. "हा घ्या, मेनच खाली पाडलेला आहे. वर करतो."

"वर करायचा नाही."

आवाज इतका बारीक होता, की आधी कुणाला कळेचना तो कुठून आला. आत्याचा एक डोळा उघडला होता. "आणि तो टॉर्च खाली धर, चिमण्या. डोळ्यांत जातोय."

"आत्या! अगं, दिवे का बंद ठेवलेस?"

"बिल तू भरतोस."

"मग?"

"मग काय, थंडीत हीटरसकट मी तुझ्या जिवावर उजेडात बसू? महिन्यापूर्वी मेनच पाडला. आयुष्यभर फुकट्यांना खाली उतरवलंय मी." ती थांबली, ओठ ओले करायचा प्रयत्न केला. "दिवसा वाचनालयात बसते. फोनही तिथेच चार्जिंगला लावते. अंधार पडला की झोपते. काही अडत नाही. काल पहाटे पाणी सांडलेलं दिसलं नाही, एवढंच."

"आत्ता तरी लावू दे!"

"नको." डोळा मिटला.

"त्यांना झोपू देऊ नका," बायको दबक्या आवाजात म्हणाली. "बोलतं ठेवा. काहीही बोला."

टक्के आता फरशीवर बसले होते, ओल्यात. आत्याचा हात त्यांच्या हातात होता आणि तो हातासारखा लागत नव्हता. बोलायचं काय? सेवा, माया, लहानपण? याच गोष्टी बोलून झाल्या होत्या, आणि त्या ऐकूनच ती अंधारात जाऊन बसली होती.

"आत्या, तुझं बिल मी तुझ्यासाठी भरत नाही."

डोळा उघडला नाही.

"बँक मला पैसे देते. सहा बिलं लागतात, माझी पाचच होती. म्हणून तुझं घेतलं. तू वीज वापरलीस की मला त्यातले परत मिळतात. जितकी जास्त वापरशील तितके जास्त. तुझी सेवाबिवा काही नाही त्यात."

बायकोनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. किल्लीवाल्यानं भिंतीकडे पाहिलं.

"किती?" आत्यानं विचारलं.

"शेकडा तीन."

"म्हणजे मी इथे अंधारात बसून तुझं नुकसान करत होते?"

"...हो."

आता दोन्ही डोळे उघडले. ट्राममध्ये कधीकाळी ज्यांनी त्या डोळ्यांखाली खिसे चाचपले असतील, त्या सगळ्यांच्या वतीनं टक्के खाली पाहू लागले.

"मेल्या," आत्या म्हणाली, "मग हे तेव्हाच सांगायला तोंडात काय धरलं होतंस? मला वाटलं तू उपकार करतोयस! व्यवहार आहे म्हणाला असतास तर फ्रिज कशाला रिकामा केला असता?" तिला धाप लागली. मग नजर वर गेली. "तुम्ही कोण?"

"किल्लीवाला, आजी."

"वर करा तो. सगळे लावा."

मेन वर गेला. फ्रिज थरथरून जागा झाला, कुठल्यातरी खोलीत रेडिओ मध्येच बोलू लागला, किल्लीवाला घरभर फिरून सापडेल ते बटण दाबत सुटला. उजेड झाला तेव्हा कळलं, की अंधारात बरं दिसत होतं. आत्याचे ओठ निळे होते. नखं निळी होती. ती काहीतरी पुटपुटली, टक्क्यांनी कान जवळ नेला, पण पुढचा शब्द आलाच नाही.

"आत्या? आत्या, बोल ना! आत्या, मी किती जाड झालोय बघ!"

ॲम्ब्युलन्सवाले जिना चढून आले ते नेमके तेव्हाच. त्यांना प्रश्न फार नव्हते. एकानं आत्याच्या पापण्या वर केल्या आणि दुसऱ्याकडे पाहिलं. ते पाहणं टक्क्यांना आवडलं नाही.

"बरोबर एकच जण."

बायको गेली. तिचं डोकं ठिकाणावर होतं आणि टक्क्यांचे पाय नव्हते. शिवाय घराला कुलूप उरलं नव्हतं, न्हाणीघराला दार उरलं नव्हतं, कुणीतरी थांबायला हवं होतं. जिन्यातून स्ट्रेचर वळताना आत्याचा हात बाजूला लोंबलेला दिसला. कुणीतरी तो उचलून आत घेतला. मग कठड्याआड सगळे गेले.

किल्लीवाला उंबऱ्यात बसून नवं कुलूप बसवू लागला. टक्के पलंगाच्या कडेला बसून होते. रेडिओवरचा माणूस उद्याचं हवामान सांगत होता, थंडी वाढणार म्हणत होता. त्यांनी तो बंद केला नाही. काहीच बंद केलं नाही. दिवा बंद केला तर तिकडे काहीतरी होईल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. उभ्या आयुष्यात ज्यानं मागे दिवा चालू सोडला नाही तो माणूस आता हात मांड्यांखाली दाबून बसला होता, चुकून बटणाकडे जाऊ नये म्हणून.

"साहेब, चहा सांगू का?"

"नको."

"घ्या हो. घसा सुकला असेल."

"नको म्हटलं ना."

किल्लीवाल्यानं एक स्क्रू पिळला. "माझा मामा असाच पडला होता," तो म्हणाला, आणि बहुधा मामाचं पुढे काय झालं ते आठवून गप्प बसला.

व्हायोलिनवाल्या बाई वर आल्या, दारातून आत पाहिलं, खाली गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या. त्यांच्या हातात झाडू होता. त्यांनी न्हाणीघरातलं पाणी काढायला सुरुवात केली.

फोन वाजला.

तो टक्क्यांच्या शेजारीच पलंगावर होता. पडद्यावर बायकोचं नाव. टक्क्यांनी हात मांडीखालून काढला, फोनपर्यंत नेला आणि तिथेच ठेवला. फोन वाजत राहिला. बाईंचा झाडू थांबला.

"घ्या ना, साहेब."

"तुम्ही घ्या."

"मी? मी कोण?"

"घ्या हो!"

किल्लीवाल्यानं पॅन्टला हात पुसले आणि फोन कानाला लावला. "हॅलो. नाही, मी किल्लीवाला. आहेत, इथेच बसलेत. नाही, बोलण्यासारखे नाहीत ते. तुम्ही मला सांगा, मी त्यांना सांगतो."

मग तो ऐकत राहिला. खूप वेळ ऐकत राहिला. मध्ये "हं" म्हणाला, ते कसलं हं ते टक्क्यांना कळेना. एकदा "अरेरे" म्हणाला तेव्हा टक्क्यांनी डोळे मिटून घेतले.

"साहेब."

टक्क्यांनी डोळे उघडले नाहीत.

"साहेब, शुद्धीवर आल्यात. पाय मोडलाय, रात्रभर मशीनवर ठेवणार आहेत. आणखी एक रात्र इथे काढली असती तर अवघड होतं म्हणतात डॉक्टर." किल्लीवाला फोनवर हात ठेवून खाली वाकला. "पण आजी विचारतायत, हीटर लावलाय की नाही. नुसत्या दिव्यांनी कितीसं बिल होणार, असं म्हणतायत."

"लावला म्हणावं," टक्के म्हणाले, आणि आत्या हीटर कुठे ठेवते ते शोधायला भिंत धरत उठले.